निबंधातले मिस्टर लोमॅक्स

५ मार्च, मंगळवार

निबंध पडला! तसं कुणी म्हणालं नाही. व्हॅन्डरमीर बाई कधीच तसं म्हणत नाहीत, त्या नुसता चष्मा काढतात. दोन पानांत दोनदा काढला. ‘मला डॉक्टर का व्हायचंय’ – मेडिकलच्या अर्जाला जोडायचा निबंध. या युनिव्हर्सिटीत डॉक्टर व्हायला निघालेले आम्ही तीनशे जण, आणि बाईंच्या समितीचं शिफारसपत्र नसेल तर बाहेर कुणी दारात उभं करत नाही.

“हे तुझे मिस्टर लोमॅक्स छान उतरलेत. पण पुढे काय झालं त्यांचं?”

मी म्हटलं, गेले.

कसं तोंडातून निघालं, देव जाणे. गेल्या गुरुवारी तर हॉस्पिसमध्ये माझ्या वाटणीचं पुडिंगही त्यांनीच संपवलं.

बाईंनी चष्मा घातला. म्हणाल्या, “मग ते लिही ना!”

६ मार्च

लिहिलं. एका बैठकीत. नाहीतरी ते जाणारच आहेत. हॉस्पिसमध्ये बरं व्हायला कुणी येत नाही, डॉक्टरांनी ईस्टरपर्यंतची मुदत दिली आहे. अर्ज जूनमध्ये जाणार. तोवर निबंध खरा होईल. हे खोटं नाही, आगाऊ आहे.

१२ मार्च

बाई खूश! “याला पहिल्या श्रेणीचं पत्र मिळू शकतं.” जिना उतरताना मी चक्क गाणं म्हणत होते.

१४ मार्च, गुरुवार

हॉस्पिस. दोन ते पाच, माझी स्वयंसेवेची पाळी. मिस्टर लोमॅक्स खिडकीशी बसले होते, नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर पेपरातलं बेसबॉलचं पान.

“या डॉक्टरीणबाई! आज कुणाला मारलंत?”

दर गुरुवारी हेच विचारतात. आज मात्र मला हसता आलं नाही. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त केले. कुणाच्या फ्रिजमध्ये काय सापडलं यावरून घराची पारख करतात. माझ्या खोलीतल्या फ्रिजमध्ये काय असतं म्हणाले. मी म्हटलं, मस्टर्ड सॉसची बाटली आणि अर्धं लिंबू. “वाटलंच मला,” म्हणाले.

२८ मार्च

ऑरगॅनिक केमिस्ट्री – ५८. वर्गाची सरासरी ५४, म्हणजे जिवंत आहे. लायब्ररीत सगळे एकमेकांना “कसा गेला?” विचारतात आणि सगळे थापा मारतात. खोलीवर माझी रूममेट ब्रिजेट म्हणाली, “तुम्ही लोक पुढे आमच्या पोटाला हात लावणार, विचार करूनच दुखायला लागलं.” तिला काय, तिचा विषय इतिहास!

४ एप्रिल, गुरुवार

रोझलिंड नर्स दारातच भेटली. हसत होती. “लोमॅक्सचं वजन चार पौंड वाढलं गं! भूकही चांगली लागतेय.”

मला राग आला. इथेच लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. एका म्हाताऱ्या माणसाचं वजन वाढलं म्हणून मला त्याचा राग आला. आणि मला म्हणे डॉक्टर व्हायचंय.

११ एप्रिल, गुरुवार

रोझलिंडला मीच कधीतरी बोलले होते, की मिस्टर लोमॅक्सवर निबंध लिहिलाय. तिने त्यांना सांगितलं. झालं!

“वाच,” म्हणाले.

वाचला. शेवटाच्या आधी थांबले. संपला म्हटलं.

“संपला कसा? खाली अर्धं पान आहे. पोरी, मला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं.”

मग तेही वाचलं. गुरुवार, बाहेर पाऊस, त्यांनी माझा हात घट्ट धरला, “थँक यू” म्हणाले, आणि गेले. माझा आवाज कागदाच्या मागे लपत होता.

मला वाटलं ते आता रडतात. तर हसायला लागले! इतके, की खोकला आला आणि नळी निघाली. मीच परत लावली.

“मी तुझा हात धरला? अगं, चारचौघांत मी बायकोचा कधी धरला नाही! आणि ‘थँक यू’? मी जाताना शिव्या घालणार आहे, रोझलिंडला विचार.”

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, “कोण ती तुझी बाई? नाव काय?” सांगितलं. “जा आणि तिला सांगून टाक. लोक फ्रिज बंद पडला की आठवडाभर बोलवत नाहीत, लाज वाटते म्हणून. मग मी दार उघडायचो तेव्हा काय वास!”

“सांगते,” म्हटलं.

१६ एप्रिल

बाईंच्या दारापर्यंत गेले. आत कुणीतरी होतं. परत आले. कुणी नसतं तरी आलेच असते.

२५ एप्रिल, गुरुवार

मिस्टर लोमॅक्सना हॉस्पिसने घरी सोडलं! क्वचित होतं असं. मुलगी डेनिस गाडी घेऊन आली होती. खुर्ची मीच ढकलली.

“सांगितलंस?”

“समितीच्या मुलाखतीत सांगणार आहे. तिघांनाही एकदम.”

“बरं,” म्हणाले. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. डेनिसने गाडीचं दार लावलं.

७ मे, मंगळवार

मुलाखत. समितीचे तिघे – बाई, केमिस्ट्रीचे सर आणि निवृत्त सर्जन डॉ. अ‍ॅशवर्थ. वीस मिनिटं सगळं सुरळीत. मग डॉ. अ‍ॅशवर्थनी पेन खाली ठेवलं.

“तुमचे मिस्टर लोमॅक्स. शेवटी काय म्हणाले?”

मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. शपथेवर! पण इथली तीन वर्षं डोळ्यांपुढे आली, तो ५८ आला, दुहेरी पाळ्या करणारी आई आली.

“थँक यू म्हणाले.”

“नक्की?”

“हो.”

बाईंनी चष्मा काढला. कुणीच काही लिहून घेतलं नाही.

८ मे

आईला फोनवर सांगितलं, चांगली गेली.

१४ मे, मंगळवार

बाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं. पत्र मिळणार नाही – कुठल्याच श्रेणीचं नाही. मिस्टर लोमॅक्सनी त्यांना बारा एप्रिललाच फोन केला होता. तक्रार करायला नाही. “मुलगी चांगली आहे, घाईत आहे,” म्हणाले होते. “ती स्वतः येऊन सांगेल. तिला जरा वेळ द्या.”

“दिला आम्ही,” बाई म्हणाल्या.