अंगठा नाय, सही

मंगळवार, दिवेलागण

आज पालिकेच्या निवडणुकीचा अर्ज भरला. आमच्या वॉर्डाची जागा बायांसाठी राखीव, म्हणून पोराने मला उभी केली. साहेबासमोर त्यानेच शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला. "आये, अंगठा लाव, पटकन होईल. पुढचं मी बघतो."

पुढचं म्हणजे काय? नाव माझं न् खुर्ची याची?

म्हटलं, "अंगठा कोलंबी सोलायला हाय. पेन दे."

सहीला वेळ लागला. मागची रांग खोकली. खोकू दे.

घरी बॅनर आलेला. पोराचा फोटो परातीएवढा, माझा टिकलीएवढा. म्हणजे हा बॅनर पण शाईचा पॅडच! बॅनर परत धाडला. उद्या घरोघर मी बोलणार, तो पत्रकं धरेल.

निवडून आले तर कागद वाचूनच सही करीन. अक्षर लावत वाचते मी. थांबतील सगळे.