पेरूखाली लावा

५ फेब्रु.
...म्हनूनच म्हटलं, कोंबड्या नाही, बटेर! पन मोठेबाबाले तो शब्दच झोंबला. बाबाचे मोठे भाऊ. लोहाऱ्याजवळची पेरूची बाग दोघायच्या नावावर, पन चालते त्यायचीच.
"बटेर हिंदी हाय, मॅडम. मराठीत लावा म्हनते त्याले. इंग्लिश मीडियमनं एवढं बी नाही शिकवलं?"
सगळे हासले. मी बी हासली. हासा लागते.
पन मानले. पेरूच्या सावलीत पिंजरा. पाखरायले गारवा, झाडाले खत. ठरलं. बहुतेक.

१२ फेब्रु.
पिल्लं आली! ऐंशी. अंगठ्याएवढे. खोक्यात बल्ब लावून माह्या खोलीत ठेवले. आई: "वास येते वं." मी: "थोडे दिवस. मंग पेरूखाली."

१९ फेब्रु., अमरावती
पेपर बरा गेला. बाहेर निघाली तं मोठेबाबाचा फोन. "पेरूखाली वांगे लावू का तुह्ये पाखरं ठेवतं? काय ते लिहून धाड. मंग म्हनशीन, मले इचारलं नाही."
लगेच लिहून धाडलं: पेरूखाली लावा.
मुद्दाम बटेर नाही लिहिलं. त्यायचाच शब्द लिहिला. तिकडून अंगठा आला. लय भारी वाटलं मले.

२६ फेब्रु.
बागेत गेलती. पेरूच्या दोन्ही ओळीत वांगे. रोपं लागून पानी बी देऊन झालं.
"तूच तं लिहिलं, लावा. म्हून लावले."
"लावा म्हंजे बटेर! तुमीच सांगतलं होतं न!"
"एक असला तं लावा. लय असले का लावे. तुह्ये ऐंशी हाय न? मंग लावे लिहा लागत होतं."
गडी तोंड फिरवून हासला. व्याकरनात हरली मी. वांग्यापाशी उभी राहून.
घरी बाबा म्हने, "वांग्यासाठी माह्या भावासंग भांडू नको."
वांग्यासाठी!

९ मार्च
पिंजरा गच्चीवर, टिनाच्या शेडात. खाली भांडं पडलं का पाखरं सरळ वर उडते, डोकं जाळीले. आतून बारदाना बांधला.
मोठेबाबाले एक कोपरा तरी मांगतला. "ठेव न. कोन नाही म्हनते? पन वांग्यावर फवारा चालू हाय. मेले तं मले बोलू नको."

२४ मार्च
पहिलं अंडं. चितकबरं. मुठीत धरून बसली कितीतरी वेळ. कोनाले फोटो नाही पाठवला.

८ एप्रिल
टिन नुसता तव्यासारखा. ओले बारदाने, थंड पानी, कूलर बी वर नेला. दुपारी जाऊन पाह्यलं तं चोची उघड्या, माना लांब. मोजले नाही.
बाबानं मेलेले थैलीत भरले. संध्याकाळी रिकामी थैली घेऊन आले.
"कुठं नेले?"
"पेरूखाली."

१२ एप्रिल
उरलेल्यायले वणी रोडवरचा धाबेवाला घेतो म्हनते. उद्या येतो म्हने. हो म्हनू का नको, अजून सांगतलं नाही. इथं ठेवले तं उन्हानं जातीन, दिले तं...
मोठेबाबानं थैलीभर वांगे पाठवले. आईनं भरले वांगे केले. बाबा खाली मान घालून जेवले. मी बी खाल्ले. चांगले झालते, तेच खटकते.
मेसेज अजून तसाच हाय. पेरूखाली लावा. खाली अंगठा. आई म्हनते, त्यायनं चुकीचं वाचलं असन, कायले मनात धरतं? पन शब्द त्यायनंच शिकवला होता, सगळ्यायसमोर, मले हासून. दोन हप्त्यात इसरले असतीन?
कधी वाटते, इसरले असतीन. कधी वाटते, अंगठा दाबतानीच गालात हासले असतीन.
मले आता काय कराचं, नाही समजत. वाचून राह्यले तं तुमीच सांगा, अन् खरं सांगा: तो मेसेज तुमाले आला असता तं तुमाले काय दिसलं असतं, पाखरू का वांगं?