गाणं संपेपर्यंत

बाबा,

हे पत्र मी पाठवणार नाही. असलं काही वाचलंत की तुम्ही उगाच चष्मा पुसत बसाल आणि आईला वाटेल, काहीतरी बिनसलं.

कॉलेज अर्धवट सोडून मी संगीत नाटक शिकायला इथे आले, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात. परवा थेट तालमीच्या हॉलमध्येच आलात. "मुलीला घरी न्यायला आलोय," असं दिग्दर्शक बाईंना म्हणालात.

त्या म्हणाल्या, "न्या की. पण गाणं संपेपर्यंत बसा."

तुम्ही बघताय म्हटल्यावर माझं लक्ष सारखं तुमच्याकडेच जात होतं. गिरकी घेताना मी सपशेल आपटले. गाणं मात्र थांबवलं नाही. उठता उठता पुढची ओळ घेतली.

तालमीनंतर माझी बॅग घेऊन आपण एसटी स्टँडवर आलो. तिथे तुम्ही आधी माझा गुडघा बघितलात. मग विचारलंत, "पडलीस तेव्हा सूर कसा नाही सुटला?"

"सुटू दिला नाही, बाबा."

"दुखलं नाही?"

"गाताना कळलंच नाही. आता ठणकतंय."

बस लागली. तुम्ही दोघांची तिकिटं आधीच काढून ठेवली होतीत, म्हणून मी निमूटपणे बॅग उचलली.

"तू थांब," तुम्ही म्हणालात. "आईला काय सांगायचं ते मी बघतो."

मी बॅग परत खाली ठेवली. बस निघाली तेव्हा शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून तुम्ही समोर बघत बसला होतात.

तुमची लेक