शीळ संपेपर्यंत

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. आईला सांगा, मी दोन्ही वेळा पोटभर जेवते. तुमचा गुडघा काय म्हणतो?

ज्या नदीकाठी तुम्ही बंदूक रोखून बसायचात, तिथेच आता शेजारी देशाशी करार झाल्यावर दोन्ही फौजांनी मिळून सरावाचा पूल बांधला. अर्धा त्यांचा, अर्धा आमचा. मधोमध जोडायला गेलो तर दोन्हीकडे नुसत्या कड्या! हूक समोरचे आणतील, असं दोघांनीही गृहीत धरलेलं. शेवटी दोरखंडाने बांधला. हसून हसून पोट दुखलं.

कुणावरही हल्ला झाला तर दुसऱ्याने धावून जायचं, असं करारात आहे. हे आईला एवढ्यात सांगू नका.

त्यांचा म्हातारा स्वयंपाकी तरुणपणी पलीकडच्या चौकीत शिपाई होता. त्याने मला विचारलं, "तुमच्या काठावर दाढी करताना शीळ वाजवणारा कोण होता हो?"

"माझे बाबा!"

त्याने माझे दोन्ही हात धरले. "रोज नेम धरायचो. म्हणायचो, एवढी शीळ संपू दे. तेवढ्यात चहा यायचा."

बाबा, तो तुम्हाला पुलापलीकडे चहाला बोलावतोय. शीळ वाजवतच या.

तुमची धाकटी