ताईच्या ब्लाउजपीसचा मुखवटा

कोपरखैरणे, शनिवार, ३० सप्टेंबर १९९५

ताईच्या नव्या साडीचा जांभळा ब्लाउजपीस मीच कापला. केबलवर मेक्सिकोची कुस्ती लागली होती, तिथल्या कुस्ती कंपनीच्या वर्धापनदिनाची. दोघंही पैलवान मुखवटे घालून खेळले. हरेल त्याने सगळ्यांसमोर मुखवटा काढून खरं नाव सांगायचं. हरलेला म्हातारा रडला, पण स्वतःच्या हाताने काढला. मला गच्चीवर तशीच मॅच पायजे होती, म्हणून कातर चालवली.

आज आई खालच्या टेलरकाकांवर चढली. "फॉल लावायला साडी दिली, त्यातला पीस तुमीच ठेवला. दसऱ्यानंतर पोरीला बघायला येतायत, ती काय घालणार?"

"वहिनी, साडी परत दिली तेव्हा पीस घडीतच होता."

आई सगळ्या बिल्डिंगसमोर त्यांना चोर म्हणाली. मी जिन्यात, मुखवटा शर्टात कोंबलेला. तो म्हातारा एवढ्या पब्लिकसमोर काढू शकला, मग माझं तोंड का नाय उघडलं? काकांनी शटर ओढलं आणि कुणाकडे न बघता गेले.

वर ताई म्हणाली, "तू शोध ना रे, तुझं डोकं चालतं."

जेवलो नाय. उद्या काकांकडे जाऊन सांगणार. सांगणारच. पण तोवर, ही वही ज्याच्या हाताला लागेल, त्याच्या पाया पडतो, कुणाला बोलू नको. ताईला तर अजिबात नको.