मारेकचा तळहात

रविवार, संध्याकाळ

लिंबायतमधली ती दुपार आज डोक्यातून जात नाही. तेव्हा माझे केस अजून काळे होते. कापडाच्या लूमच्या शेडबाहेर मी आणि मारेक उभ्याने खमण खात होतो. पोलंडहून नुकताच आलेला हा जॅझवाला लूमच्या ठेक्यावर बोटांनी ताटली वाजवत म्हणाला, "ऐक, मला साथ मिळाली."

आता तो ठार बहिरा आहे. आमच्या संगीताच्या वर्गात डबल बासच्या, त्या माणसाएवढ्या व्हायोलिनच्या, लाकडावर तळहात ठेवून तो मुलांचं वाजवणं ओळखायचा. आज त्याच्या निरोप समारंभात मात्र त्याला समोर, बासपासून दूर, खुर्चीवर बसवलं होतं. त्याच्या लाडक्या भूषणने बास धरला आणि तारांना न शिवता नुसती बोटं नाचवली. पोरं खिदळत होती.

"भूषण, काही लाज वाटते का?" मी विचारलं.

"टीचर, सरांना कुठे कळतंय? मजा आहे."

मारेक उठला, जवळ गेला, लाकडावर तळहात ठेवला. भूषणची बोटं हवेतच नाचत राहिली. लाकूड थरथरत नव्हतं, तरी मारेकने हात काढला नाही, शेवटपर्यंत. मग म्हणाला, "लय सोडली नाहीस." पोरांनी माना खाली घातल्या. भूषण तेवढा हसत राहिला. लहानपणी कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शाळेत आम्हाला क्षमा शिकवली होती. माझ्यातली कुठे गेली ती?

उद्या मारेक पोलंडला परत जातो. त्याच्या वस्तू कुणाला द्यायच्या हे त्याने सांगितलंय, ते लिहून ठेवते, नाहीतर मी बदलून टाकीन. बासचा बो, म्हणजे गज, त्याच्या जुन्या विद्यार्थिनीला, कोसाडच्या रेखाला. नोटेशनची पुस्तकं मला. बास भूषणला, कारण त्याच्यासारखे हात दुसऱ्या कुणाचे नाहीत. आणि तो नेऊन द्यायचा मी.