मालिकेतल्या बहिणीसाठी रडणारा भाऊ

मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६, विठ्ठलवाडी

लिही पिंके, मी सांगते तस्संच. आज मालिकेत पाटलाची पोर बंगाली नवऱ्याला घेऊन माहेरच्या दारात उभी राहिली आणि तिचा भाऊ दार उघडेना. तुझा बाप खुर्चीतून ओरडला, "अरे उघड की, बहीण आहे तुझी!" वर डोळे पुसले. माझ्या पोरानं, डोळे!

यानंच सुनंदाला, तुझ्या आत्याला, सिंध्याशी लग्न केलं म्हणून सहा वर्षं घरात घेतलं नाही. छप्पनला दीक्षा घेऊन आम्ही जात सोडली, यानं बहीण सोडली. आणि मी? भाकऱ्या थापत राहिले. सुनंदा राहते तो कॅम्प नंबर एक इथून काय लांब आहे?

जाहिरात लागल्यावर म्हटलं, "रडून झालं असेल तर सुनंदाला फोन लावून दे. मला आकडे कळत नाहीत."

"आई, ती नुसती गोष्ट आहे."

"मग रडलास कशाला?"

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. मला राग आला नाही, रडूही नाही. त्याचे पुसलेले डोळे तेवढे मी बघत बसले.

पुरे आता लिहिणं. आत्याचा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये आहे, ठाऊक आहे मला. लाव. बापाला ऐकू गेलं तर जाऊ दे.